चिचटोल्याचा बिनटाकीचा नळ

"टाकी दिसते का कोनाले?" हिरालालनं घंटा बडवत विचारलं.

"नाई!" पटांगण ओरडलं.

"बोअर दिसते? मोटर दिसते? पाइप दिसते?"

"नाई! नाई!"

"मंग पानी येते कोठून?"

"निर्झरबाबाच्या तपातून!"

बाबांचा चेला हिरालाल पुढे झाला आणि त्यानं पितळी नळाची चावी फिरवली. टाळ कडाडले, ढोलकी धडधडली, घंटेनं कान किटले आणि नळातून बोटभर जाडीची धार सुरू झाली. बायांनी पदर पसरले. म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या. पुढच्या रांगेतल्या सुंदरबाईंनी तर लोटा पुढे करून तिथंच बसकण मारली आणि डोळ्यांना पदर लावला.

शाळेमागच्या पटांगणात दोन चाकांवरचा एक पांढरा, लांबोळका डबा उभा होता. त्याला ओढून आणणारी जीप बाजूला. शहरातले हौशी लोक सहलीला असली घरगाडी सोबत नेतात म्हणे. आत पलंग, ओटा, पंखा, सगळं काही. चिचटोल्यानं असली गाडी जन्मात पाहिली नव्हती. त्यामुळे गावानं तिला पहिल्या दिवशी 'डब्बा' म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी 'मंदिर'. मंदिराचं दार सताड उघडं असे. आत लांब बाकावर भगवी गादी, गादीवर निर्झरबाबा. नळ मात्र बाहेरच्या भिंतीला, दाराशेजारी, कोणाचाही हात पोचेल असा.

"गोंदिया जिल्ह्यात एकवीस गावं पावन करून आलो," बाबा डोळे मिटून सांगत. "अब भंडारा जिले की बारी है! नळाला नाही मूळ, भक्तीला नाही कूळ!"

याचा अर्थ काय, हे कोणी विचारलं नाही. यमक जुळलं की अर्थ विचारायचा नसतो.

शंकेखोरांची सोयसुद्धा बाबांनी करून ठेवली होती. पहिल्याच दिवशी हिरालालनं डब्याला शिडी लावली आणि गावातल्या मातब्बर तिघांना छतावर चढवलं. त्यात मधुकरराव होते. गावात त्यांचा शब्द चाले, आणि तो चालावा अशीच त्यांची आजवरची वागणूक होती. मधुकररावांनी छत पायानं ठोकून पाहिलं. कावळ्याची शीट सोडली तर वर काही नव्हतं. त्यांनी खाली उतरून हात जोडले आणि गावाचा निकाल लागला.

आता चिचटोल्याची एक गोष्ट सांगायला हवी. इथं पाणी वरून येतं. ग्रामपंचायतीची टाकी उंच खांबांवर, नळ खाली. वीज गेली की टाकी भरत नाही आणि टाकी रिकामी झाली की नळाला पाणी नाही, हे शेंबड्या पोरालाही पाठ. त्यामुळे बिनटाकीचा नळ म्हटल्यावर अख्ख्या गावानं माना वर केल्या. खाली वाकून कोणीच पाहिलं नाही. बसल्या बाबाला 'जरा उठा' म्हणायची तर कोणाची छाती होती?

मागे, आंब्याच्या बुंध्याशी वच्छला उभी होती. तिनं हात जोडले नव्हते. तिचं लक्ष धारेकडेही नव्हतं. ती ऐकत होती.

गावातल्या बचत गटाकडे पाठीवरचे सहा बॅटरी पंप होते. धानावर फवारणी करायला शेतकरी ते भाड्यानं नेत आणि मोडूनतोडून परत आणत. ते दुरुस्त करायचं काम वच्छलाकडे. अड्याळला तीन दिवसांचं शिक्षण घेऊन आली होती ती, पण खरं शिकली ती चिखलानं बरबटलेले पंप उघडून. वॉशर, झडप, मोटर, सगळं तिच्या बोटांना ठाऊक. भाताच्या हंगामात तिच्या कानात रात्रंदिवस एकच आवाज घुमत असे, गुर्रर्र. आणि आता टाळ, ढोलकी, घंटा या सगळ्याच्या तळाशी तिला तोच आवाज येत होता. हिरालालनं नळ बंद केला. घंटा थांबली. गुरगुरही थांबली.

'आपलेच कान वाजत असतील,' तिनं स्वतःला सांगितलं. पण तिचं मन काही मानेना.

"काय व वच्छला, तू काहून मागं उभी?" सुंदरबाईंनी लोटा सांभाळत विचारलं. "तीर्थ घे ना माय."

"पाहून राहिली मी, काकी."

"पाहाचं काय त्यात? डोये मिटाचे अन् घ्याचं!"

तेवढ्यात हिरालालनं एका माणसाला पुढे ओढलं. हा गडी दारू पिऊन आईला मारतो, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. हिरालालला कसं माहीत, हेही खरं तर सगळ्यांना माहीत असायला हवं होतं. कारण गाडी यायच्या आधी चार दिवस हिरालाल मधुकररावांच्या ओसरीवर मुक्कामाला होता आणि गावच्या उखाळ्यापाखाळ्या जेवणासोबत चवीनं खात होता. त्या गड्यानं नळाखाली हात धरला. चावी फिरली. फस्स करून एक पिचकारी उडाली, चार थेंब टपकले आणि नळ कोरडा.

"देखो!" बाबा कडाडले. "सच्च्या माणसाच्या हातावर गंगामाई नाचते. झूठ्याच्या हातावर थुंकते आणि तोंड फिरवते!"

गर्दी शहारली. वच्छलाही शहारली, पण वेगळ्या कारणानं. असं थुंकणं तिनं हजारदा पाहिलं होतं.

*

हा सगळा तमाशा गावानं नुसता पाहून सोडून दिला असता, तर वच्छलाही गप्प बसली असती. पण या नळाशी आता तिच्या नवऱ्याची अब्रू बांधली गेली होती.

केशवराव गावच्या तलावाचं पाणी वाटत. तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, लागून पाणी सोडायचं दगडी पायऱ्यांचं तुडूम असतं. दर पायरीला एक भोक आणि भोकात लाकडाचा गुट्टा. पाणी हवं तेव्हा वरचा गुट्टा काढायचा, पाणी उतरलं की त्याच्या खालचा. सर्वांत खालचा गुट्टा तलाव पार आटवायचा असेल तरच निघतो. कोणाच्या बांधीला, म्हणजे धानाच्या शेताला, किती पाणी, कधी, हे केशवराव ठरवत आणि दहा वर्षांत कोणाला बोट दाखवायला जागा नव्हती. तरी काहींना ते खुपत असे. ज्याच्या आजाला या तलावाच्या पायरीवर उतरायची बंदी होती, त्याच्या नातवाकडे पाणी मागायचं, हे काही जणांच्या घशाखाली अजून उतरलं नव्हतं.

दसऱ्याला केशवराव दरवर्षीसारखे घरच्यांना घेऊन नागपूरला, दीक्षाभूमीवर गेले. दुसऱ्या दिवशी परतले तर तलाव चार पायऱ्या खाली गेलेला. खालच्या भोकातून पाणी भसाभसा वाहत होतं. त्यांनी पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही. तसेच कालव्याच्या तोंडाशी उतरले आणि मातीची पोती टाकून प्रवाह अडवला. पण भारी, म्हणजे उशिरा पिकणारं, धान निसवत असताना, ऐन गरजेच्या वेळी, निम्मं पाणी नाल्याला गेलं होतं. वाहत्या पाण्यानं जाताजाता कालव्याकाठच्या दोन बांध्या भरल्या. त्यातली एक धर्मेंद्रची, म्हणजे केशवरावांच्या सख्ख्या भावाची.

झालं. संशयाला एवढा ओलावा पुरतो.

"केशव, मी तुले चोर म्हणत नाई," मधुकरराव भर सभेत म्हणाले होते. त्यांच्या चार एकरांच्या बांध्या पाण्याविना फुटायला आल्या होत्या, आवाजही फुटत होता. "पन गुट्टा आपल्या मनानं निघते का? बाबा गावात हायेतच. शुक्रवारी नयाखाली हात धर. पानी आलं तं गाव तुह्या पाया पडन. नाई आलं तं तुडूम सोड, अन् गावानं तुह्याशी बोलाचं का नाई ते गाव ठरवन."

"अन् तलावाले दोष लागला हाय," हिरालालनं मध्येच पुस्ती जोडली. "बाबाचा आश्रम पायीवर झाला तं दोष जाईन."

तर इथं पाणी मुरत होतं. बाबांना तलावाच्या पाळीवरची जागा हवी होती.

त्या संध्याकाळी केशवराव ताटावर नुसते बसून होते.

"मी नाई जात," ते म्हणाले. "माह्या बापानं छप्पन साली शपथ घेतली, बुवा-बाबाले मानन नाई म्हनून. मी आता त्या डब्ब्याम्होरं हात पसरू?"

"नाई गेले तं लोक म्हनतीन, भेला."

"गेलो तं थो नय थुंकनारच हाय."

वच्छलानं भात वाढला. आणि मग तिच्या तोंडून जे निघालं, ते तिलाही नको होतं. "एक इचारू? धर्मेंद्रभाऊची बांधी सुकून राहिली होती... तुमी जाता जाता थोडसं..."

केशवरावांनी तिच्याकडे पाहिलं. हात धुऊन अंगणात गेले आणि खाटेवर पाठ फिरवून पडले.

वच्छला चुलीशी तशीच बसली. वीस वर्षांच्या संसारात या माणसानं शेजाऱ्याच्या बांधावरची काकडीही विचारल्याशिवाय तोडली नव्हती. तिला स्वतःची शरम वाटली. पण गुट्टा आपल्या मनानं निघतो का, हा मधुकररावांचा प्रश्न तिच्याही मानेवर बसला होता. संशय हा असा पाहुणा आहे, की एकदा घरात शिरला की मालकालाच ओसरीवर काढतो.

*

बाबा रोज दुपारी 'एकांता'ला जात. जीप घरगाडीला ओढत नाल्याकडच्या रस्त्यानं झाडीत शिरे आणि दीड तासानं परत येई. मागे यायची कोणाला परवानगी नव्हती, कारण एकांतात बाबांचं तेज सहन होत नाही आणि डोळे जातात, असं हिरालालनं सांगून ठेवलं होतं.

डोळे सांभाळून वच्छलानं फक्त रस्ता पाहिला. चिखल अजून वाळला नव्हता. जाताना घरगाडीच्या चाकांचे चरे वरवरचे होते. येताना तेच चरे बोटभर खोल. बैलगाडी रिकामी गेली आणि भरून आली की चाकोरी कशी बदलते, हे गावात कोणाला सांगावं लागत नाही. एकांतात माणसाचं तेज वाढत असेल, पण दीड तासात वजन दीड क्विंटल कसं वाढतं?

मग तिला सगळं एकदम उमगलं. टाकी वर नव्हतीच. ती बाबाच्या खाली होती.

पण सांगायचं कोणाला? आरोपीच्या बायकोचं कोण ऐकणार? 'नवऱ्याले वाचवाले बाबावर आळ घेते,' हेच म्हणतील. सांगून भागणार नव्हतं. नळानं स्वतःच कबुली द्यायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी ती पहिल्यांदाच पुढे जाऊन हात जोडून उभी राहिली. सुंदरबाईंना धन्य धन्य वाटलं.

"बाबा," वच्छला म्हणाली, "हा झरा कधी आटते का?"

"बेटी," बाबा हसले, "सात समुंदर आटतील, पर ये झरा नहीं! अखंड है, अनंत है!"

"मंग शुक्रवारी, आमच्या घरच्याचा हात धराच्या आंधी, साऱ्या गावाले गुंडभर तीर्थ मियन का? बायाइची लय इच्छा हाय."

घरोघरी अख्खी घागर भरून द्यायची म्हटल्यावर हिरालालनं घाईघाईनं घंटा उचलली. "लोट्यानं भागत नाई का? तीर्थ थेंबभर घ्याचं असते!"

"थेंबभर?" सुंदरबाई उसळल्या. "अनंत हाय तं थेंबभर काहून? माह्या घरी बारा मानसं हायेत!"

बायांनी एकच गिल्ला केला. गुंड, गुंड, गुंड! बाबांनी गर्दीकडे पाहिलं. मागे सरकायला वाट नव्हती. ती त्यांनीच यमकं जुळवून बुजवली होती.

"तथास्तु," ते म्हणाले. आवाज जरा बारीक होता.

"अन् पाळी तलावाच्या कायद्यानं," वच्छलानं हळूच जोडलं. "शेवटच्या बांधीले पयलं पानी."

हा चिचटोल्याचा जुना शिरस्ता. कालव्याच्या शेपटाशी ज्याची बांधी, त्याला आधी पाणी, तलावाजवळच्याला मागून. आणि जो पाणी वाटतो तो सर्वांत शेवटी घेतो. म्हणजे केशवरावांची पाळी शेवटची. कोणाला यात खोट दिसली नाही. मधुकररावांनीही मान डोलावली.

*

शुक्रवारी दुपारी चारला पटांगणात पाय ठेवायला जागा नव्हती. पितळेचे, स्टीलचे, प्लास्टिकचे गुंड रांगेनं मांडले होते. केशवराव आले ते पांढरा सदरा घालून. वच्छलानं सकाळी त्यांना एवढंच सांगितलं होतं, "माह्यासाठी या." ते आले होते, पण तिच्याशी अजून बोलले नव्हते. वच्छलाच्या पायाशी बचत गटाचा एक पंप होता.

"हा कायले आनला?" मधुकररावांनी विचारलं.

"दुरुस्तीले न्याचा हाय, भाऊ. जाता जाता."

घंटा वाजली. भजन सुरू झालं. पहिला गुंड सुंदरबाईंचा; त्यांची बांधी पार नाल्याला टेकलेली. धार लागली. एक गुंड भरायला मिनिटभर लागलं. दुसरा, तिसरा, चौथा. आजवर लोटाभर पाण्यापुरती वाजणारी घंटा आता थांबायलाच तयार नव्हती. सहाव्या गुंडाला हिरालालनं हात बदलला. आठव्याला टाळ वाजवणाऱ्या बाया उठल्या, कारण त्यांची पाळी आली होती. देवापेक्षा पाळी मोठी. दहाव्याला ढोलकीवाला आपला गुंड घेऊन रांगेत लागला.

आणि मग पटांगणात उरली एकटी घंटा आणि तिच्याखाली, स्पष्ट, गुर्रर्र.

"हे काय गुरगुरते व?" कोणीतरी म्हणालं.

"बाबाचा ओंकार," हिरालाल धापा टाकत म्हणाला.

तेरा गुंड भरले. चौदावी पाळी मधुकररावांची. त्यांनी चपला काढल्या, नळाला नमस्कार केला, आणि गुंड लावण्याआधी भक्तिभावानं दोन्ही हात धारेखाली धरले.

नळ खोकला. फस्स. फुर्र. हातावर फेसाची एक पिचकारी उडाली, चार थेंब टपकले, आणि धार संपली.

पटांगणात सुई पडली तरी ऐकू आली असती. पण ऐकू येत होती ती गुरगुर. ती थांबत नव्हती. उलट मोठी होत होती, खडखडत होती, रिकाम्या पोटानं भांडत होती. हिरालालनं गडबडीनं नळाची चावी बंद केली. तरी गुर्रर्र चालूच. मग बाबांचा डावा गुडघा गादीवर किंचित सरकला आणि आवाज टप्पकन बंद झाला.

मधुकरराव ओले हात तसेच धरून उभे होते. बाबांच्याच न्यायानं, सगळ्या गावासमोर, गंगामाई त्यांच्या हातावर थुंकली होती.

"मी... मी काय पाप केलं?" ते पुटपुटले.

"पाप बढ गया है!" बाबांना अखेर सूर सापडला. "झरा रूठ गया! सब घर जाओ!"

"थांबा," वच्छला म्हणाली. ती पुढे आली. "मधुकरभाऊ, तुमी काई पाप केलं नाई. हा पंप पाठीवर घ्या."

"आं?"

"घ्या त. टाकीत साधं पानी हाय. बटन चालू करा. आता चाप दाबा."

मधुकररावांनी यंत्रासारखा चाप दाबला. गुर्रर्र. फवारा उडाला.

"सोडा." फवारा थांबला, गुरगुर थांबली. "बटन चालूच हाय ना? मंग मोटर काहून थांबली? नयीत दाब भरला की थे आपल्या मनानं थांबते. चाप दाबला, दाब उतरला, की आपल्या मनानं चालू. नयाची चावी म्हंजे हाच चाप. आता बटन बंद करा. अन् पुन्यांदा चाप दाबा."

फस्स. एक पिचकारी, चार थेंब, आणि काही नाही.

गर्दीत कुठेतरी एक बाई "अगं बाई!" म्हणाली आणि तिनं तोंडावर हात ठेवला.

"नयीत कोंडलेला दाब हाय थो," वच्छला म्हणाली. "गंगामाई नाई थुंकली. बाबानं बटन बंद केलं की नय थुंकते. ज्याले चांगला म्हनाचं त्याच्या येळेस बटन चालू, ज्याले पापी ठरवाचं त्याच्या येळेस बंद. तुमच्या येळेस बटन चालूच होतं, भाऊ. फक्त टाकी आटली."

"टाकी? कोठं हाय टाकी?" हिरालाल ओरडला. "छतावर पाह्यलं ना साऱ्याइनं!"

"वर पाह्यलं. आता खाली पाहू. बाबा, जरा उठा."

बाबा उठले नाहीत. त्यांनी डोळे मिटले आणि समाधी लावली. दोन मिनिटं कोणी हललं नाही. मग मधुकररावांनी पाठीवरचा पंप खाली ठेवला, दारात गेले आणि अगदी आदरानं म्हणाले, "उठा महाराज."

महाराज समाधीतच.

"उठता का उठवू?"

समाधी तुटली. गादी सरकली, बाकावरची फळी निघाली. आत पांढरी प्लास्टिकची टाकी, तळाशी ओंजळभर पाणी. तिला चिकटून मुठीएवढी मोटर, नळाकडे जाणारी नळी, बॅटरीकडे जाणारी लाल-काळी वायर आणि गादीच्या डाव्या कडेला, बरोबर गुडघ्याखाली, एक बटण. सहलीला जाणाऱ्या माणसाला हात धुता यावेत म्हणून कोणा शहाण्यानं केलेली साधी, सोयीची जोडणी. तिचा देव केला होता तो या दोघांनी, आणि खरं बोलायचं तर गावानंही.

पोरांनी फळीभोवती गर्दी केली. मोठ्यांना मात्र राग आला. फसवणूक उघडी पडली की माणसाला आधी फसवणाऱ्याचा राग येतो. स्वतःचा यायला वेळ लागतो. दोघा-तिघांनी हिरालालची गचांडी धरली. त्यांच्यामध्ये जाऊन उभे राहिले ते केशवराव.

"हात नाई लावाचा," ते म्हणाले. "यासाठी कायदा हाय. अड्याळच्या ठाण्यात फोन करा."

फोन झाला. बाबा आणि हिरालाल आपल्याच मंदिराच्या सावलीत मान खाली घालून बसले. सगळं संपल्यासारखं वाटलं. आणि तेवढ्यात मागून एक आवाज आला.

"बाबा खोटा, हे मान्य. पन मंग गुट्टा कोनं काढला?"

एकेक करत सगळ्या नजरा पुन्हा केशवरावांवर येऊन थांबल्या.

वच्छलाच्या डोक्यात तिडीक गेली. इतका वेळ सांभाळलेला आवाज फुटला. "अवं, किती आंधये हा तुमी! तलाव इथून दोनशे पावलं हाय. आठ दिवस झाले. गुट्टा कोनं काढला, गुट्टा कोनं काढला! गुट्टा निघाला हे तरी कोनं पाह्यलं? कोनी बुडी मारली? कोनी हात घालून पाह्यलं?"

कोणीच मारली नव्हती. बाबाला विचारणं सोपं होतं. पाणी गार होतं.

बोलता बोलता ती थांबली. कारण तिनंही पाहिलं नव्हतं. तिनंही नुसतं विचारलं होतं, आणि तेही भरल्या ताटावर.

सगळा गाव पाळीवर गेला. तलावात पिढ्यान्‌पिढ्या मासे धरणाऱ्या धिवरांपैकी इश्वर सदरा काढून तुडुमाच्या पायऱ्या उतरला आणि पाण्याखाली गेला. वर बुडबुडे आले. तो एकदा वर आला, दम घेतला, पुन्हा गेला. दुसऱ्या खेपेला वर आला तेव्हा त्याच्या हातात काळं, भुसभुशीत काहीतरी होतं. पायरीवर ठेवताना ते त्याच्या बोटांत चुरगळलं.

"सडला," इश्वर धापा टाकत म्हणाला. "आर्धा भोकातच हाय अजून. आर्धा वाहून गेला. कोनी काढला नाई, बावा. कुजून तुटला."

मधुकररावांनी तो तुकडा उचलला. नखानं खरवडला. लाकडाचा भुगा त्यांच्या ओल्या हातांना चिकटला.

"दोन साल झाले," केशवराव हळू आवाजात म्हणाले. "दोन्ही ग्रामसभेत मी सांगतलं, खालचा गुट्टा बदलावा लागते. रजिस्टरात लिवलं हाय. त्या सभेतही सांगाले उठलो, तं कोनी आयकलं नाई. तुमची सही हाय त्यावर, मधुकरभाऊ."

साठीचे मधुकरराव पाळीवरच्या गवतात मटकन खाली बसले. म्हणाले, "केशव, मी तुले गावातून उठवलं असतं गा."

"हो," केशवराव म्हणाले. त्यांनी ते गोड करून सांगितलं नाही.

वच्छला नवऱ्याजवळ गेली. एवढ्या माणसांत ती त्यांच्याशी कधी अशी बोलली नव्हती. "गाव परवडलं," ती म्हणाली. "त्याइनं बाहीर इचारलं. मी घरात इचारलं. चुकलं माहं."

केशवराव म्हणाले, "त्या राती झोप नाई आली मले. बाबाच्या नयाचं भेव नोतं वच्छला. तुह्याच बोलन्याचं वाईट वाटलं." आणि मग म्हणाले, "पन तू पाहाले तं लावलं साऱ्याइले."

नवा गुट्टा पाण्यात टिकणाऱ्या बिजाच्या लाकडाचा झाला. लाकूड मधुकररावांनी दिलं आणि तो बसवताना स्वतः छातीभर पाण्यात उभे राहिले. त्यांच्या दोन बांध्या गेल्याच त्या वर्षी. सत्य कळलं म्हणून धान परत येत नाही.

आता विचार करा. त्या टाकीत आणखी चाळीस गुंड पाणी मावत असतं, किंवा वच्छलाला पंप उघडता येत नसता, तर काय झालं असतं? स्वच्छ हाताचा एक माणूस भर गावात चोर ठरला असता. ज्या चोरीला चोरच नव्हता, तिची शिक्षा त्यानं जन्मभर भोगली असती. आणि पुढच्या वर्षी दुसरा गुट्टा कुजला की गावानं दुसरा चोर शोधला असता. चमत्कारानं फक्त पाणी येत नाही. त्याच्या धारेत माणसं वाहून जातात. म्हणून विनंती एवढीच आहे. नळ बोलतो, दगड कौल देतो, अंगात येणारी बाई नाव सांगते, असं कोणी म्हणालं, की हात जोडायच्या आधी खाली वाका, फळी उचला, बुडी मारा. पाणी गार लागेल. पण एखाद्या निरपराध माणसाच्या घरात आठ दिवस कोणी जेवत नाही, त्यापेक्षा ते बरं.